तोय

होंड्याच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात,
जेवणाच्या सुट्टीआधीचा तास.
फळ्यावर मी लिहिलं: पाणी.
पुढे बरोबरचं चिन्ह,
आणि पुस्तकात होते तसे एकाखाली एक
जल, नीर, उदक, तोय.

हे चिन्ह काढताना माझा हात नेहमी जरा चाचरतो.
गणितात ते चालतं. तिथे दोन अधिक दोन गुमान चार होतात.
इथे, तोंडाला पाणी सुटतं, जल सुटत नाही.
परीक्षेच्या दिवशी तोंडचं पाणी पळतं,
तोंडचं नीर पळालेलं मी तरी पाहिलेलं नाही.
पण हे तिसरीला कसं सांगायचं?
म्हटलं, "म्हणा माझ्यामागून."
म्हणाले. सत्तावीस जण,
पाढे म्हणावेत तसे, खिडकीबाहेर बघत.

काल मासा शिकवला होता.
समानार्थी दोन लिहून आणा म्हटलं,
दत्तगुरू माजिकने सात आणले:
बांगडो, तारलो, इसवण, लेपो, मुड्डशी, शेवटो,
आणि खोडरबराने पुसून पुन्हा लिहिलेलं सुंगट.
मी लाल पेन उघडलं,
समासात मीन, मत्स्य लिहिलं,
त्याच्या यादीवर फुली मारायची राहूनच गेली.
सुंगटावर तेवढी मारली. सुंगट म्हणजे मासा नव्हे,
एवढं शास्त्र सांभाळायला हवं.

तर पाणी.
तिसऱ्या बाकावरून उन्नती गावस म्हणाली,
"टीचर, उदक पुस्तकांत कित्याक? तें आमच्या घरा आसा."
जणू तिची कळशी कुणी न विचारता उचलून आणली होती.
वर्ग हसला. मग हसायचा थांबला.
मीही थांबले.
वीस वर्षं मी उदक हा अवघड शब्द म्हणून शिकवला,
खाली रेघ मारून,
आणि घरी जाऊन रोज सासूबाईंना विचारलं,
उदक तापलें?

मग दुर्गव्वाचा हात वर आला.
जूनपासून "हजर" सोडून ती फारसं काही बोललेली नव्हती.
"नीरु," ती म्हणाली, फळ्याकडे बोट करून.
"अव्वा म्हणते. थोडं लांब म्हणते."
म्हणजे नीर हावेरीच्या बसने आलं होतं,
एक पत्र्याची पेटी आणि दोन पिशव्या घेऊन,
आणि कारखान्यामागच्या खोलीत राहत होतं.

सलोमी मुंडू हात वर करत नाही, उभीच राहते.
"दाः."
भांड्यावर झाकण पडावं तसा घशात अडवलेला.
पुस्तकात नव्हता. मी तोयच्या खाली लिहिला, विसर्ग देऊन.
ती फळ्याजवळ आली, बघितलं.
"असाच ना?" मी विचारलं.
"जवळजवळ," ती म्हणाली.

मी बरोबरचं चिन्ह पुसलं.
तिथे काय काढावं ते सुचलं नाही, जागा मोकळी ठेवली.

जल टँकरवर लिहिलेलं असतं, असं कुणीतरी म्हणालं,
त्यामुळे जलाची सोय झाली.
राहिलं तोय. ते कुणाच्याच घरी नव्हतं.
"मागीर तें खंय रावता?" दत्तगुरूने विचारलं.
जुन्या पुस्तकांत, मी म्हटलं.
ते कुणाला पटलं नाही. मलाही नाही.

घंटा झाली. हात धुवायला रांग, धक्काबुक्की,
मग सगळे ताटांकडे पळाले.
मागच्या नळाचा वायसर मे महिन्यापासून गेलाय,
अर्ज पणजीला गेलाय,
कितीही आवळला तरी थेंब खालच्या बादलीत पडतोच.
तिथे दुर्गव्वा एकटी, उकिडवी,
बादलीला कान लावून.
"टीचर, तोय इथे आहे!"

मी डबा तसाच हातात घेऊन गेले.
वाकले.

तोय.

मध्ये बराच वेळ काही नाही.

तोय.